आमचा कर्ण

उसाच्या ट्रॉल्यांमागं काय काय लिहिलेलं असतं त्याची एक वही करायची, असं मी कितीतरी वर्षं नुसतं म्हणतोय. हंगाम सुरू झाला की कागलच्या रस्त्यावर संध्याकाळी तासभर उभं राहायचं, एवढंच तर काम आहे. आईचा आशीर्वाद, वडिलांची पुण्याई, ग्रामदैवताचं नाव, भाऊबंदांना मारलेला टोमणा... आणि अधूनमधून, पण न चुकता, 'मृत्युंजय'. कधी 'राधेय'. कधी नुसतंच 'कर्ण', बाजूला उगवता सूर्य काढलेला.

अर्जुन मला आजवर एकाही ट्रॉलीमागं सापडलेला नाही. तो सापडतो पुढं, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, कारण महिंद्रा कंपनीच्या एका ट्रॅक्टरचं नावच अर्जुन आहे. म्हणजे लढाई जिंकलेला वीर कंपनीकडून आयता आलेला, आणि हरलेला वीर मालकानं पेंटरला पैसे मोजून रंगवून घेतलेला. यातच सगळं आलं असं म्हणून इथंच थांबता आलं असतं. पण हा कर्ण मला बरीच वर्षं छळतोय, त्यामुळं आज जरा लांबण लागणार. चहा घेऊन बसा.

कर्ण आमच्याकडं एवढा का चालतो असं कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: 'मृत्युंजय'. ते खोटं नाही. शिवाजी सावंत आजऱ्याचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. कोल्हापुरात शाळेत शिकवत असताना त्यांनी ही कादंबरी लिहिली आणि १९६७ साली ती आली तेव्हा ते सत्तावीसच्या आसपास होते. पुढं १९७३ साली रणजित देसायांची 'राधेय' आली. देसाई कोवाडचे, चंदगड तालुक्यातले. म्हणजे कर्णावरच्या ज्या दोन कादंबऱ्या मराठी माणसाच्या तोंडी बसल्या, त्या दोन्ही एकाच जिल्ह्यातल्या माणसांनी लिहिल्या. अंग देश बिहारात भागलपूरकडं होता म्हणतात. मला कधी कधी शंका येते!

आमच्या घरातली 'मृत्युंजय'ची प्रत दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. पुठ्ठा कधीच गेलाय, त्याजागी दादानं साखरेच्या पोत्याचा तुकडा शिवलाय. दादा वर्षातून एकदा ती वाचतो. दुसरी कादंबरी त्यानं आयुष्यात वाचलेली नाही, आणि वाचायची गरज आहे असं त्याला वाटतही नाही. असे वाचक आमच्या भागात घरटी एक सापडतील. मराठी साहित्याच्या चर्चेत त्यांची गणती होत नाही, पण पुस्तकं तगतात ती अशा लोकांच्या जिवावर.

पण नुसत्या एका कादंबरीनं एवढं होत नाही. कागलहून बंगळूरच्या दिशेनं निघालं की थोड्या वेळात कर्नाटक लागतं. तिकडचा आदिकवी पंप, त्यानं ९४१ साली 'विक्रमार्जुनविजय' लिहिलं. नायक अर्जुन, आणि तोही साधा नाही, आपला आश्रयदाता राजा अरिकेसरी म्हणजेच अर्जुन अशी रचना. तरी पंपाचा जीव कर्णावरच. ज्याचं मीठ खायचं त्याला अर्जुन करायचं आणि प्रेम मात्र कर्णावर करायचं! हिंदीत दिनकरांनी १९५२ साली 'रश्मिरथी' लिहिलं. तमिळमध्ये १९६४ साली 'कर्णन' सिनेमा आला, त्यातला कर्ण शिवाजी गणेशन. (या गणेशनना 'शिवाजी' हे नाव नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केल्यामुळं पडलं. म्हणजे तिथंही धागा आमच्याकडंच येतो.) आणि १९८८ पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर पंकज धीरचा कर्ण. तेव्हा आमच्या गल्लीत एक टीव्ही आणि त्याच्यापुढं पन्नास माणसं असायची. कर्णाच्या रथाचं चाक रुतलं त्या रविवारी आमची एक आत्या जेवली नव्हती.

तर कादंबरी आली ती आधीच ठणकणाऱ्या जागी. ती जागा कुठली, हे मला महाभारतातल्या एका प्रसंगात दिसतं.

राजपुत्रांच्या परीक्षेचा दिवस. रंगभूमीवर अर्जुनाचे खेळ चाललेत. कर्ण येतो, अर्जुनानं केलं ते सगळं करून दाखवतो आणि द्वंद्व मागतो. तेव्हा कृपाचार्य त्याला विचारतात, तुझे आईबाप कोण, कुळ कोणतं? बस्स. धनुष्य कसं धरतोस हे कुणी विचारत नाही. आमच्याकडं गावात पोरगं नवीन दिसलं की पारावरचं म्हातारं हेच विचारतं, 'कुणाचा रं तू?' त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. पण प्रश्न तोच.

मग दुर्योधन पुढं होतो, तिथल्या तिथं कर्णाला अंग देशाचा राजा करतो. अभिषेक होतो. आणि नेमका तेव्हा त्याचा बाप, अधिरथ, तिथं येतो. म्हातारा, घामाघूम, काठीच्या आधारानं, उपरणं घसरलेलं. कर्ण हातातलं धनुष्य टाकतो आणि अभिषेकाच्या पाण्यानं भिजलेलं डोकं त्याच्या पायावर ठेवायला वाकतो. आणि अधिरथ काय करतो? गडबडीनं धोतराच्या टोकानं आपले पाय झाकून घेतो.

व्यासांनी हे एवढंसं लिहून ठेवलंय, आणि मला सबंध महाभारतात यापेक्षा खरं काही वाचल्याचं आठवत नाही. पोरगा साहेब झालाय, कचेरीत खुर्चीवर बसलाय, आणि भेगाळलेल्या टाचांचा बाप दारात उभा आहे, हे आमच्याकडच्या किती घरांत घडून गेलं असेल! पाया पडणारा मुलगा लाजत नाही. बाप लाजतो. आणि मग भीम ओरडतो, सूतपुत्रा, तू चाबूक धर, तुला तेच शोभतं.

इथं कागलच्या माणसाला शाहू महाराज आठवल्याशिवाय राहत नाहीत. कागलकर घाटग्यांच्या घरातले यशवंतराव, जन्म १८७४ चा. १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. १८९४ साली राज्यारोहण झालं. आणि १८९९ साली पंचगंगेवर स्नानाच्या वेळी लक्षात आलं की भटजी त्यांच्यासाठी वेदातले मंत्र म्हणतच नाहीत, पुराणातले म्हणतात. कारण काय, तर राजा असला म्हणून काय झालं, धर्माच्या वहीत त्याचं नाव शूद्रांच्या पानावर! वेदोक्ताचं ते प्रकरण पुढं किती पेटलं ते सगळ्यांना माहीत आहे. मला एवढंच म्हणायचंय की अभिषेक झालेल्या माणसालाही 'कुणाचा रं तू?' चुकलं नाही.

तुलना फार ताणायची नाही. शाहू महाराज काही नदीत सोडलेलं पोर नव्हते, घाटगे घराणं जहागीरदारांचं. पण एक गोष्ट मनात येते ती लिहून टाकतो. २६ जुलै १९०२ ला महाराजांनी मागासलेल्या जातींसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. ज्या गंगाराम कांबळेला हौदाला शिवला म्हणून मारहाण झाली, त्याला चहाचं दुकान काढून दिलं आणि स्वतः तिथं थांबून चहा प्यायले. १९२० च्या मार्च महिन्यात कागल जहागिरीतल्याच माणगावला परिषद झाली, तिथं जाऊन बाबासाहेब आंबेडकरांना लोकांपुढं उभं केलं. म्हणजे मिळालेल्या गादीचा उपयोग, जी जखम आपल्याला झाली ती दुसऱ्याची भरून यावी म्हणून.

आणि कर्ण? त्याला अंग देश मिळाला. दान भरपूर केलं, कवचकुंडलंसुद्धा उतरवून दिली, ते कुणी नाकारत नाही. पण सूतांच्या पोरांसाठी त्यानं शस्त्रशाळा काढली असं काही महाभारतात येत नाही. उलट कर्णपर्वात शल्य त्याला टोमणा मारतो की तू ज्या अंगांचा राजा, तिथं आजारी माणसाला टाकून देतात आणि बायकापोरं विकतात. आता शल्य भांडत होता, आणि भांडणात माणूस काय काय बोलतो. त्याआधी कर्णानंही शल्याच्या मद्र देशाची यथेच्छ निंदा केली होती. तरी राज्यकारभाराबद्दल आपल्याला काही सांगितलं जातं ते एवढंच. बाकी सगळा वेळ कर्ण हस्तिनापुरात, मित्राच्या शेजारी.

हे असं काही मी बोललो की दादाला राग येतो. 'तुला शिकवून चूक झाली,' म्हणतो.

आणखी राग येईल असं पुढं आहे. आमचा कर्ण आणि व्यासांचा कर्ण यांच्यात बरंच अंतर आहे. वृषाली हे नाव सावंतांच्या वाचकाला घरातल्या सुनेइतकं ओळखीचं असतं, पण व्यासांकडं ते नाही. स्वयंवरात द्रौपदी म्हणते की मी सूताला वरणार नाही, हे तर सगळ्यांना पाठ. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. त्यात ते वाक्य मूळ संहितेत नाही, तळटीपेत गेलंय, कारण ते काही थोड्याच पोथ्यांत आहे. म्हणजे ज्या अपमानाचा सूड म्हणून आपण कर्णाचं पुढचं सगळं वागणं समजून घेतो, तो अपमान बहुतेक नंतर कुणीतरी भरला. कुणी भरला असेल? माझा अंदाज, कर्णावर माया करणाऱ्या एखाद्यानंच. सभेत कर्ण जे बोलला त्याला काहीतरी कारण हवं होतं.

सभेत कर्ण काय बोलला ते ट्रॉलीमागं कुणी लिहीत नाही. द्यूतात द्रौपदी पणाला लावली गेली, फरफटत आणली गेली, आणि तिनं प्रश्न विचारला. भीष्म, द्रोण, सगळे गप्प. दुर्योधनाचा एक धाकटा भाऊ, विकर्ण नावाचा, तेवढा उठून म्हणाला की हा अधर्म आहे. त्या पोराला गप्प कुणी केलं? कर्णानं. त्यानंच तिला पाच नवऱ्यांची म्हणून वेश्या ठरवलं आणि दुःशासनाला सांगितलं की पांडवांची आणि हिचीही वस्त्रं काढून घे.

(विकर्णावर कुणी कादंबरी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. गंमत म्हणजे पुढं वनपर्वात गंधर्वांशी लढाई होते, तेव्हा कर्णाचा रथ मोडतो आणि तो उडी मारून ज्याच्या रथात चढतो आणि पळून जातो, तो रथ या विकर्णाचाच.)

ज्या १९६७ साली 'मृत्युंजय' आली त्याच साली इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही आलं. एकाच वर्षी मराठीत दोन कर्ण आले. कर्वेबाईंचा कर्ण कोरडा, हट्टी, आपण कोण हे न उलगडलेला. सावंतांचा कर्ण तेजस्वी, सोसणारा, सूर्याचा मुलगा. 'युगान्त'ला साहित्य अकादमी मिळाली, ट्रॉल्या 'मृत्युंजय'ला मिळाल्या. मला विचाराल तर दोन्ही पुस्तकं घरात शेजारीशेजारी असावीत. आमच्याकडं आहेत. एक माझं, एक दादाचं, आणि फळी एकच.

असं मूळ माणसावर नंतर लेप चढत जाणं फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. ग्रीकांचा अकिलीज बघा. त्याची आई देवता, तिनं त्याला टाचेला धरून नदीत बुडवलं, म्हणून टाच सोडून बाकी अंग अभेद्य... आपल्याला वाटतं हे होमरचं. पण 'इलियड'मध्ये टाचेची गोष्टच नाही. ती कित्येक शतकांनंतर, इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्टेशियस नावाच्या रोमन कवीकडं सापडते. आज डॉक्टर पायाच्या शिरेला त्याच्या नावानं ओळखतात, २००४ साली ब्रॅड पिट तो होऊन पडद्यावर आला, आणि त्या सगळ्यात टाच आहेच. लोकांना आपला वीर जिथं मऊ आहे ती जागा हवी असते. कवच दिलं की ते उतरवायची तजवीज आलीच.

पण त्या अकिलीजबद्दल मला आवडतं ते दुसरंच. 'ओडिसी'मध्ये ओडिसियस पाताळात जातो, तिथं मेलेला अकिलीज भेटतो. ओडिसियस त्याला म्हणतो, तुझं काय, तू इथंही राजाच आहेस. तेव्हा अकिलीज सांगतो की या सगळ्या मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा मी वर एखाद्या बिनजमिनीच्या गरीब माणसाकडं सालगड्याचं काम करीन. होमरचा शब्द काय असेल तो असो, आमच्या भाषेत त्याला सालगडीच म्हणतात. कीर्तीसाठी मेलेला वीर सालगडी व्हायला तयार आहे! आणि आमच्याकडचे खरे सालगडी तमाशात राजा व्हायला तडफडतात. कागलच्याच आनंद यादवांनी 'नटरंग'मधला गुणा तसाच लिहिलाय. रानात राबणारा, तालमीत कमावलेला, राजाचं सोंग घ्यायची हौस असलेला गडी, आणि वाट्याला येतो नाच्या. २०१० साली त्यावर सिनेमाही आला. तो बघून आल्यावर दादा दोन दिवस बोलला नव्हता.

आता दादाबद्दलच लिहितो, कारण खरं तर मला तिथंच यायचं होतं.

कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. बाहेरच्यांना त्याची चेष्टा वाटते, पण इथं 'कुणाचा रं तू?' च्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, 'कुठल्या गटाचा?' सोसायटी, दूध संस्था, कारखाना, बँक, ग्रामपंचायत, सगळीकडं गट. लग्नाच्या पंगतीत कोण कुठं बसलंय त्यावरून पुढची निवडणूक सांगणारे लोक आमच्याकडं आहेत. आणि प्रत्येक गटात कर्ण असतात. गटाच्या पुढाऱ्यानं कुणाला चिकटवलं, कुणाच्या पोराला दवाखान्यात नेलं, कुणाच्या बहिणीचं लग्न उभं करून दिलं. ते माणूस मग जन्मभर त्या गटाचं. पुढारी पक्ष बदलो, बोलणं बदलो, काल ज्याला शिव्या दिल्या त्याच्या गळ्यात हार घालो, हे हलत नाही. वाढदिवसाच्या फलकावर 'दानशूर कर्ण' असं पुढाऱ्याला लिहितात, पण खरा कर्ण तो फलक बांधायला शिडीवर चढलेला असतो.

दादा तसा. दहावीनंतर शिकायची आमची परिस्थिती नव्हती. १९८४ साली एका पुढाऱ्यानं त्याला एका संस्थेत कारकून म्हणून लावला. नाव कशाला, त्यांना तो 'साहेब' म्हणतो, मीही तेच म्हणतो. त्या पगारावर मी शिकलो, दोन बहिणींची लग्नं झाली, घरावर स्लॅब पडला. साहेब एकदा आमच्या घरी आले आणि वडिलांच्या शेजारी घोंगड्यावर बसले. वडिलांनी पाय पोटाशी ओढून घेतले होते, ते मला आजही दिसतं. त्या दिवसापासून गल्लीत लोक वडिलांना नावानं हाक मारायच्या ऐवजी आबा म्हणायला लागले. हे ज्याच्या घरात झालेलं नाही त्यानं कर्णाच्या निष्ठेवर फार बोलू नये, असं मला वाटतं. पोट भरण्यापलीकडचं काहीतरी असतं त्यात.

१९९७ च्या सुमाराला त्या संस्थेत काही रकमेचा मेळ लागेना. रक्कम कुणी उचलली ते दादाला माहीत होतं, कारण वही त्याच्या हातची. ते साहेबांचं जवळचं माणूस होतं. आळ आला तिथल्याच एका बाईवर. नवरा गेलेला, पदरात दोन मुलं. भर बैठकीत तिला उभं करून विचारलं गेलं, आणि मग नुसतं पैशाचं विचारलं गेलं नाही. ती कुणाबरोबर बोलते, कुणाच्या गाडीवरून घरी जाते, सगळं निघालं. मग दादाला विचारलं, वही काय म्हणते? दादानं साहेबांना हवं ते सांगितलं. आणि वर आणखी एक वाक्य त्या बाईच्या चालीबद्दल बोलला. ते त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

हे त्यानंच मला त्या रात्री सांगितलं, खळ्यावर बसून. का सांगितलं कुणास ठाऊक. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "सायबांनी आम्हाला माणसांत आणलं. त्यांच्यापुढं दुसरं काय बोलणार हुतो मी?" त्यावर मी काही बोललो नाही. ज्याच्या पगारावर शिकलो त्याला काय बोलणार. बाईनं काम सोडलं, पुढं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कुठल्याशा कँटीनमध्ये लागली असं कानावर आलं. दादा संस्थेतच निवृत्त झाला. निरोप समारंभात एका वक्त्यानं त्याला 'कर्णासारखा निष्ठावान' म्हटलं आणि टाळ्या पडल्या.

मी कर्णाला एवढा का उकरतो ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. मला कर्ण आवडत नाही असं नाही. उद्योगपर्वातला कर्ण मला फार आवडतो. कृष्ण त्याला रथात घेऊन सगळं सांगतो, तू कुंतीचा थोरला, चल, राज्य तुझं. कर्ण नाही म्हणतो. लोक म्हणतात मैत्रीसाठी. दुर्योधनाचं तो बोलतोच, पण त्याच्याआधी बोलतो ते राधेचं. मला बघून तिला पान्हा फुटला, तिनं माझी शी-मूत काढली, आता तिचं पिंडदान मी कसं सोडू? अधिरथानं माझं नाव ठेवलं, लग्नं लावून दिली, पोरं-नातवंडं झाली. 'कुणाचा रं तू?' ला इतकं सरळ उत्तर मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मिंधेपणा आणि माया या दोन्ही गोष्टी त्याच्यात होत्या, आणि आम्ही मिंधेपणाची पूजा मांडून बसलो, असं मला वाटतं. दादाशी यावर वाद घालायचं मात्र मी सोडून दिलंय.

यंदा दिवाळीनंतर दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून सोप्यात बसायचा. वाचायला बंदी, आणि 'मृत्युंजय'ची वेळ तर झालेली. मला म्हणाला, तू वाच. मी म्हटलं, ते तुला पाठ आहे, या खेपेला व्यासांचं ऐक. थोडी कुरकूर करून तयार झाला. मग रोज संध्याकाळी भाषांतराचा खंड घेऊन मी जायचो. वहिनी शेंगा फोडत ऐकायची.

राधेचं आलं तेव्हा दादानं चष्मा काढून डोळे टिपले. डॉक्टरांनी हात लावायचा नाही म्हणून सांगितलेलं, वहिनी ओरडली. मी पुढं वाचत राहिलो. थोडं पुढं कर्ण कृष्णाला म्हणतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो, त्याचा आता मला पश्चात्ताप होतोय.

"थांब," दादा म्हणाला. "परत वाच."

परत वाचलं.

"कुणापुढं म्हणतोय ह्ये?"

"कृष्णापुढं."

"पांडवांस्नी बोललो, म्हणतोय."

"हो."

"आणि तिचं?"

मी पान वरखाली बघितलं. तिचं नाव त्या वाक्यात नाही. तसं सांगितलं.

"म्होरं कधी? तिच्याम्होरं?"

"नाही."

वहिनीच्या शेंगा थांबल्या होत्या. दादा बराच वेळ दाराकडं तोंड करून बसला. मग म्हणाला, "ती बाई कुठं असत्या आता, काय म्हाईत हाय तुला?"

"बघतो विचारून," मी म्हटलं.

त्याला आता दोन महिने होऊन गेले. डोळा चांगला आहे. दादानं पुन्हा विषय काढलेला नाही. मी पत्ता काढून ठेवलाय.